फ्रँचायझी घ्यायची, पण उद्घाटनानंतर शिकवायला कोण येणार? रॉयल्टीवाली बरी की बिनरॉयल्टीची

आमच्या मेव्हण्याला परभणीत वसमत रोडला चहा-नाश्त्याची फ्रँचायझी टाकायची आहे आणि त्याच्यापुढं दोन ऑफर आहेत, दोन्ही पुण्याच्या. नावं घेत नाही, अशा जोड्या लातूर, नांदेड, बीड कुठंही सापडतील. पहिलीला रॉयल्टी नाही, एकदाच फी भरा अन् मोकळे व्हा, फक्त चहा पावडर अन् मसाला त्यांच्याकडूनच घ्यायचा. दुसरी विक्रीवर 5 टक्के रॉयल्टी घेती. घरातले सगळे पहिलीकडं झुकलेत, साहजिक आहे. मी मात्र एकच गोष्ट धरून दोन्ही ताडून बघितल्या, की दुकान चालू झाल्यावर पुढं ट्रेनिंग काय देतात.

सुरुवातीच्या ट्रेनिंगमधे काही फरक नाही, ते सोडून द्या. दोघंही पुण्याला बोलावून आठवडाभर शिकवतात, उद्घाटनाला माणूस पाठवतात, हार-तुरे, फोटो, झालं. खरी गंमत सहा-सात महिन्यांनी चालू होती. आपल्याकडं पोरं टिकत नाहीत हो, कोणी दिवाळीच्या सुमाराला घरच्यांसंग ऊसतोडीला जातं, कोणी जूनमधे पेरणीला गावाकडं, कोणाला चाकणला कंपनीत काम लागतं, आणि पुण्याला शिकून आलेलं एकबी पोरगं काउंटरला राहत नाही. मग नव्या पोराला जुनं शिकवतं, त्याला त्याच्या आधीच्यानं शिकवलेलं असतं, अन् मोजमाप सगळं अंदाजपंचे.

यावर पहिलीवाले म्हणायलेत आमचं ॲप आहे ना, सगळे व्हिडिओ त्यात आहेत. जालन्यात त्यांच्याच एका दुकानदारानं मला ते ॲप उघडून दाखवलं, तर सगळ्यात वरचा व्हिडिओ ज्या सँडविचचा होता ते सँडविच मेनूतून कधीच काढलेलं. माणूस बोलवायचा म्हणलं तर रोजाची फी वेगळी, वर गाडीभाडं, लॉज, जेवण आपल्याकडं. म्हणजे ट्रेनिंग आहे, पण मागितलं तर आणि पैसे मोजले तर.

दुसरीचा एरिया मॅनेजर संभाजीनगरला राहतो, दर तीन महिन्याला चक्कर असते. नांदेडच्या दुकानात तो आलेला असताना मी बघितलं, गडी आला की पहिलं साखर काट्यावर ठेवून मोजायला लावली, मग रात्री किती चहा ओतून दिला ते वहीत लिहायला सांगितलं, नवीन पोराकडून स्वतःसमोर घाणे करून घेतले. दुकानदार म्हणला दूध कुठं जायलंय हे तेव्हाच कळलं. पण इथंबी डोळे उघडे ठेवा, कारण काही ब्रँडचा माणूस येतो, चेकलिस्ट भरतो, दंड लावतो अन् निघून जातो, त्याला ट्रेनिंग म्हणत नसतात. दुकानदाराला सरळ विचारायचं, मागच्या खेपेला त्यानं नवीन काय शिकवलं.

आणखी एक, जे पुण्यात बसून कोणाच्या डोक्यात येत नाही. आपल्याकडं बहुतेक गाळ्यांना बोअरचं जड पाणी, मशीनमधे क्षार धरतात, ते कधी अन् कसे काढायचे हे पोरांना कोणीतरी दाखवावं लागतं. दोन्ही कंपन्यांना विचारलं. पहिलीनं सर्व्हिस सेंटरचा नंबर दिला, दुसरीच्या ट्रेनिंगमधे ते आहे.

आता पैशाचं. महिन्याला 2 लाख विक्री धरली तर 5 टक्के म्हणजे 10,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,800, आणि 5 टक्के जीएसटीत बसणाऱ्या हॉटेलाला तो परत मिळत नाही, म्हणजे 11,800. वर्षाचे 1,41,600. लहान रक्कम नाही. पण पहिली काय फुकट चालती का, ती पावडरीच्या भावात काढती. तिला तुम्ही माल उचलला की झालं, उरलेला चहा गटारात गेला तरी तिचं काही अडत नाही, उलट पावडर जास्तच खपती. दुसरीचं पोट तुमच्या विक्रीवर आहे म्हणून ती माणूस पाठवती. तिलाही तुमच्या नफ्याचं घेणंदेणं नाही बरं का, रॉयल्टी विक्रीवर असती, तोट्यातबी द्यावीच लागती.

फॉसटॅकच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी ट्रेनिंगच्या, सर्टिफिकेटला भुलू नका. अन्न हाताळणाऱ्या दर 25 माणसांमागं एक ट्रेनिंग झालेला सुपरवायझर हा एफएसएसएआयचाच (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे, कंपनीची मेहरबानी नाही. पहिलीच्या ब्रोशरमधे ते 'आमचं खास प्रशिक्षण' म्हणून छापलंय.

अमेरिकेत कंपनीला ट्रेनिंगची माहिती, जुन्या दुकानदारांच्या यादीसकट, सही करायच्या किमान 14 दिवस आधी लेखी द्यावी लागती. आपल्याकडं फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही, 1872 चा करार कायदा अन् तुमचा ॲग्रीमेंट, बस. त्यामुळं सेल्सवाल्याचं तोंडी बोलणं धरू नका. पहिलीच्या ॲग्रीमेंटमधे 'कंपनीला योग्य वाटेल तेव्हा' ट्रेनिंग, असं आहे, म्हणजे कधीच नाही दिलं तरी तुम्ही भांडू शकत नाही. दुसरीत वर्षाला चार भेटी लिहिल्यात, पण पोरगं बदललं तर नवीन पोराचं ट्रेनिंग कोणाच्या खर्चानं हे मोघम ठेवलंय. आणि दुकानदारांना विचारपूस करायला फोन कंपनीनं दिलेल्या नंबरवर करू नका, मॅपवर लांबच्या तालुक्यातलं दुकान शोधून करा, बंद पडलेलं सापडलं तर आणखी चांगलं.

माझं म्हणणं विचाराल तर, ज्यानं आधी हॉटेल चालवलंय, मोजमाप अन् पोरं सांभाळायची सवय आहे, त्यानं खुशाल पहिली घ्यावी, रॉयल्टी वाचेल. मेव्हणा आजवर खताच्या दुकानात बसलाय, त्याला दुसरीच. फक्त चार भेटींशिवाय वर्षातून दोन नव्या पोरांचं ट्रेनिंग बिनपैशाचं असं ॲग्रीमेंटला जोडून घ्यायचं, आणि मुदत संपल्यावर रिन्यूला परत ट्रेनिंग फी लावणार का तेबी त्यातच लिहून घ्यायचं. दोन पोरांचं कंपनीनं मान्य केलंय, रिन्यूवर अजून टाळाटाळ करायलेत, म्हणून टोकनची रक्कम थांबवून ठेवायला लावलीय.