अपडेटनंतर बिघडलेला संगणक: माघार, डागडुजी की फॉरमॅट?

रात्री विंडोजचे अपडेट बसते आणि सकाळी आवाज बंद, प्रिंटर गप्प, नाहीतर निळा पडदा. मशीन दुरुस्तीला नेले की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून देतो." नाशिकच्या कॉलेज रोडवरचे कर सल्लागार असोत, लासलगावचा कांदा व्यापारी असो की अंबडचा टूलरूमवाला, या तीन शब्दांनी प्रत्येकाचे एक-दोन दिवस जातात. टॅली पुन्हा बसवा, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (ते उपकरण विंडोजला ओळखू देणारा प्रोग्रॅम) शोधा, श्रीलिपीचा डोंगल ओळखला जातो का बघा. इतके करूनही पुष्कळदा दुखणे तसेच राहते, कारण फॉरमॅट एकाच प्रकारच्या बिघाडावर चालतो आणि अपडेटनंतरचे बिघाड तीन प्रकारचे असतात.

पहिल्या प्रकारात अपडेटच सदोष असते. दुसऱ्यात अपडेट ठीक असते, पण त्याच्यासोबत आलेला किंवा त्याच्याशी न जुळणारा ड्रायव्हर गडबड करतो. तिसऱ्यात अपडेट आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक असतात, पण मशीनमधल्या विंडोजच्या फायली आधीच खराब झालेल्या असतात किंवा अपडेट बसताना वीज गेलेली असते. पहिल्यावर माघार घ्यावी, दुसऱ्यावर ड्रायव्हर मागे न्यावा आणि तिसऱ्यावर डागडुजी करावी. फॉरमॅटचा उपयोग फक्त तिसऱ्याला होतो आणि तिथेही त्याहून स्वस्त मार्ग आहे.

प्रकार कसा ओळखायचा

स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' टाइप केले की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येते. त्यात तारखेवार आलेख असतो: कुठल्या दिवशी काय बसले आणि कुठल्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या. फुल्या अपडेटच्या आधीपासून असतील तर अपडेट निर्दोष आहे. मग डिस्क, रॅम किंवा नवीन बसवलेला एखादा प्रोग्रॅम तपासा.

ऑफिसात त्याच आवृत्तीची तीन-चार मशीन असतील तर निदान आणखी सोपे होते. सगळ्यांना एकच त्रास असेल तर दोष अपडेटचा समजा. एकालाच असेल तर ड्रायव्हर किंवा फायली. त्या एका मशीनला सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अगदी गरजेच्या ड्रायव्हरवर, सुरू करा. तिथे नीट चालले तर संशय ड्रायव्हरवर किंवा विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमवर घ्यावा.

मशीन फक्त संथ झाले असेल तर पहिला दिवस काहीच करू नका. अपडेटनंतर शोधसूची नव्याने बनते, विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर स्कॅन करतो, मागे साफसफाई चालते. हार्ड डिस्कच्या जुन्या मशीनवर याला काही तास लागतात. चार्जर लावून चालू ठेवा आणि दोनदा रीस्टार्ट करा. रीस्टार्टचे आणखी एक कारण आहे. सुरक्षेशी संबंध नसलेला एखादा बदल चुकला असेल तर मायक्रोसॉफ्ट तो दुरूनच बंद करू शकते. घरगुती मशीनपर्यंत ही दुरुस्ती साधारण एका दिवसात पोचते आणि रीस्टार्ट केल्यावर लवकर लागू होते.

मार्ग शेजारी-शेजारी

| मार्ग | एसएसडीवर अंदाजे वेळ | काय जाते | कशावर चालतो |
|---|---|---|---|
| ड्रायव्हर मागे नेणे | ५ ते १० मिनिटे | काही नाही | आवाज, वाय-फाय, डिस्प्ले, सिरियल पोर्ट |
| महिन्याचे अपडेट काढणे | १० ते ३० मिनिटे | त्या महिन्याची सुरक्षा | सदोष अपडेट |
| 'गो बॅक' | अर्धा ते एक तास | नंतर बसवलेले प्रोग्रॅम | १० वरून ११ अशी मोठी उडी |
| सिस्टीम रिस्टोअर (विंडोजच्या जपून ठेवलेल्या जुन्या स्थितीला, म्हणजे बिंदूला, परतणे) | अर्धा तास | त्या बिंदूनंतरचे प्रोग्रॅम, ड्रायव्हर | बिंदू आधीच असेल तर |
| विंडोज जागच्या जागी पुन्हा बसवणे | १ ते २ तास | काही नाही | खराब झालेल्या फायली |
| 'रिसेट', फायली ठेवून | १ ते ३ तास | सगळे प्रोग्रॅम | वरचे काही न जमल्यास |
| कोरे इन्स्टॉल | अर्धा दिवस, सगळे परत लावण्यासह | सगळे | शेवटचा उपाय |

ड्रायव्हर मागे नेणे

डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूवर उजवी क्लिक करा, 'प्रॉपर्टीज', मग 'ड्रायव्हर' टॅब, मग 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण फिके असेल तर जुना ड्रायव्हर मशीनमध्ये उरलेला नाही. तेव्हा लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअरे मात्र घेऊ नका, ती गोंधळ वाढवतात.

सातपूर-अंबडमध्ये एक बिघाड खास ठाऊक असायला हवा. सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवणारी यूएसबी-ते-सिरियल केबल अपडेटनंतर बंद पडते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसते आणि चिपच्या नावापुढे ती '२०१२ पासून बंद' झाल्याचा इंग्रजी संदेश येतो. केबलमधली प्रोलिफिक पीएल२३०३ चिप जुन्या पिढीची किंवा नकली असते आणि नवा ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक' या वाटेने यादीतली जुनी आवृत्ती निवडली की बहुतेकदा पोर्ट परत मिळतो. कायमचा इलाज म्हणजे एफटीडीआय चिपची चांगली केबल. यासाठी फॉरमॅट मारला तर नव्या विंडोजवर तोच नवा ड्रायव्हर येतो आणि तोच संदेश पुन्हा दिसतो.

अपडेट काढणे आणि 'गो बॅक': दोन वेगळ्या गोष्टी

महिन्याचे अपडेट काढायचे तर सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, अनइन्स्टॉल अपडेट्स. यादीत तारीख आणि केबी क्रमांक (अपडेटचा ओळख क्रमांक) असतो. ज्या तारखेपासून त्रास सुरू झाला ते काढा आणि लगेच 'पॉज अपडेट्स' लावा. पॉज नाही केले तर तेच अपडेट पुन्हा येऊन बसेल. होम आवृत्तीतही ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येते आणि दुरुस्त अपडेट यायला तेवढा अवधी बहुधा पुरतो.

मशीन सुरूच होत नसेल तर विंडोजचे चक्र फिरू लागताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असे दोन-तीनदा केले की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. 'क्वालिटी अपडेट' म्हणजे महिन्याचे आणि 'फीचर अपडेट' म्हणजे नवी आवृत्ती. आधी क्वालिटी निवडा.

या पडद्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्यांत याच पडद्यावर यूएसबी माउस आणि कीबोर्ड चालेनासे झाले होते. मायक्रोसॉफ्टला २० ऑक्टोबरला तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. म्हणून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचे इन्स्टॉलर बनवून कपाटात ठेवावे. त्यावरून सुरू केले की दुरुस्तीचा स्वतंत्र पडदा मिळतो.

अपडेट काढणे चुकीचे ठरते अशीही उदाहरणे आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये अनेक ऑफिसांत शेअर केलेला प्रिंटर ११बी ने संपणारा एरर देऊ लागला. लोकांनी अपडेट काढले आणि छपाई सुरू झाली, पण प्रिंटिंगमधली सुरक्षेची भोकेही पुन्हा उघडी पडली. तिथे योग्य उपाय होता प्रिंटर जोडलेले मशीन आणि बाकीची मशीन, दोन्हीकडे अपडेट पूर्ण करणे.

'गो बॅक' हे मोठ्या उडीसाठी आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे ते फक्त १० दिवस मिळते. त्यासाठी सी ड्राइव्हवरचे 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर लागते. जागा मोकळी करण्याच्या नादात ते पुसले की दार बंद. २४एच२ वरून २५एच२ ला जाणे मात्र मोठी उडी नव्हे. एक छोटे पॅकेज आधीच बसलेल्या गोष्टी चालू करते आणि ते अपडेट हिस्टरीतूनच काढता येते.

११ वरून १० ला परतण्याआधी विचार करा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच जाहीर झाली आणि त्यासाठी नोंदणी करावी लागते. बँकिंग आणि जीएसटीचे काम त्याच मशीनवर असेल तर परत जाणे तात्पुरतेच समजा.

सिस्टीम रिस्टोअरबद्दल थोडक्यात: बिंदू असेल तर उत्तम, पण अनेक मशीनवर ही सोय बंदच असते. मशीन ठीक असतानाच ती सी ड्राइव्हसाठी चालू करून ठेवा. आपल्या कागदपत्रांना ती हात लावत नाही.

डागडुजी: कमी वापरला जाणारा, पण सगळ्यात चांगला मार्ग

स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज बंद पडते, पुढचे अपडेट अर्ध्यावर फसते. ही खराब फायलींची लक्षणे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजमधल्याच दोन दुरुस्ती आज्ञा द्या: आधी डिझमची (DISM) 'रिस्टोअर हेल्थ', मग 'एसएफसी स्कॅननाऊ' (sfc /scannow). क्रम महत्त्वाचा आहे. एसएफसी चांगल्या फायली विंडोजच्या आतल्या साठ्यातून घेते. तो साठाच नासलेला असेल तर तिला दुरुस्तीला काही मिळत नाही. डिझम आधी साठा नीट करते. डिझम ६० टक्क्यांच्या आसपास बराच वेळ थांबल्यासारखी वाटते, पण खिडकी बंद करू नका.

तेवढ्याने भागले नाही तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' आणि त्यापुढे 'रीइन्स्टॉल नाऊ' आहे. हे विंडोजची तीच आवृत्ती नव्याने डाउनलोड करून जागच्या जागी बसवते. प्रोग्रॅम, फायली, सेटिंग्ज सगळे राहते, टॅलीचे लायसन्स आणि टोकनचा ड्रायव्हरही. काही जीबींचे डाउनलोड असल्याने मोबाइलच्या डेटावर करू नका. विंडोज १० वर हेच काम पेनड्राइव्हवरचा सेटअप विंडोज चालू असताना उघडून आणि 'फायली व प्रोग्रॅम ठेवा' निवडून होते. भाषा आणि होम-प्रो प्रकार जुळायला हवा, नाहीतर प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय मिळत नाही.

विंडोज सुरू होत असेल तर फॉरमॅटच्या आधी हे करूनच पाहावे. दुरुस्तीवाला टाळत असेल तर स्पष्ट सांगून करून घ्या. याची मर्यादा एकच: अपडेटच सदोष असेल तर त्याच आवृत्तीने दोष जाणार नाही. तिथे माघारच घ्यावी.

रिसेट आणि कोरे इन्स्टॉल

'कीप माय फाइल्स' वाचून लोक निर्धास्त होतात. फायली राहतात, प्रोग्रॅम जातात. काढलेल्या प्रोग्रॅमची यादी डेस्कटॉपवर मिळते, लायसन्स मिळत नाही. थेट सी ड्राइव्हवर ठेवलेले टॅलीचे किंवा बिलिंगचे डेटा फोल्डर टिकेल असे गृहीत धरू नका. आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. रिसेटही कधी कधी फसते. १२ ऑगस्ट २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज १० आणि ११ च्या काही आवृत्त्यांत ते पूर्णच होत नव्हते आणि दुरुस्ती १९ ऑगस्टला आली.

डिस्क बदलायची असेल, व्हायरस शिरला असेल किंवा विंडोज कशानेच उभे राहत नसेल, तेव्हाच कोरे इन्स्टॉल करा. अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपपासून पुढे इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही असे पुष्कळदा होते. डिस्क मेलेली नसते, इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून 'लोड ड्रायव्हर'ने द्यावा लागतो. मूळ विंडोजचे डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेले असल्याने नेट जोडल्यावर ते आपोआप लागते. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

हात लावण्याआधी

बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाची ४८ अंकी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते मोबाइलवर उघडून पाहा आणि कागदावर लिहून ठेवा. नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही मशीन सुरू होताच हीच किल्ली मागू लागली होती. किल्ली नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कोणीही परत देऊ शकत नाही.

विजेचेही बघा. डेस्कटॉपचा लहान ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम दहा-पंधरा मिनिटे टिकतो आणि रिसेट त्याहून खूप लांबते. मशीन इन्व्हर्टरवर घ्या, आणि पावसाळ्यात वादळ दिसत असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाका.

कर सल्लागार आणि हिशेबाची ऑफिसे यांच्यासाठी तारखांचा मेळ वेगळा आहे. महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहा किंवा साडेअकराच्या सुमारास येते, म्हणजे नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. जीएसटीआर-१ या विवरणपत्राची मुदत ११ तारीख, ३बी ची २० आणि तिमाही भरणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २२. म्हणून ७ तारखेला तीन आठवड्यांचे 'पॉज' लावावे आणि २२ नंतर आधी एका मशीनवर अपडेट घ्यावे. दोन दिवस टोकनने सही होते का, प्रिंटर चालतो का, टॅली उघडते का ते पाहून मग बाकीच्या मशीनवर.