ऑपरेशनला निघालो होतो, मोजमापाचं भांडं घेऊन परत आलो

वर्ध्याकडच्या एका मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मूत्ररोग ओपीडी आहे, तिथला हा अनुभव. नाव लिहीत नाही, कारण यात एका दुसऱ्या डॉक्टरबद्दलही तक्रार आहे आणि मला भांडण नको. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

मी आर्वीकडचा. वय ६७. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे लघवी दाबून धरणं हा आमचा धंदाच. दोन वर्षांपासून रात्री चार-पाच वेळा उठावं लागायचं. धार बारीक, झालं म्हणून उठावं तर पुन्हा थेंब. गेल्या पावसाळ्यात जळजळ आणि ताप आला म्हणून एका खासगी डॉक्टरकडे गेलो. सोनोग्राफी झाली, रक्त घेतलं. ‘प्रोस्टेटची गाठ ४२ ग्रॅम, पीएसए ५.१, ऑपरेशन करून टाका,’ सात मिनिटांत निकाल! पीएसए म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, आकडा वाढला की कॅन्सरची शंका घेतात. बायको म्हणाली, ‘अहो, वावर विकत घेतानाबी सातबारा दोनदा पाहता, अन् इथं?’ म्हणून वर्धा.

सोमवारी गेलो ती चूक. केसपेपरच्या रांगेतच पाऊण तास. पण आतल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न ऑपरेशनचा नाही, रात्रीचा विचारला. मग एका शिकाऊ पोराला सात प्रश्नांचा कागद भरायला सांगितलं. गेल्या महिन्यात लघवी पूर्ण झाली नाही असं किती वेळा वाटलं, धार तुटते का, जोर लावावा लागतो का, अशा प्रत्येकाला ० ते ५ गुण. माझी बेरीज १८ आली, म्हणजे मध्यम त्रास. २० पासून पुढे तीव्र धरतात. शेवटी एक वेगळा प्रश्न होता : उरलेलं आयुष्य असंच काढायचं म्हटलं तर कसं वाटेल? यावर मी जरा वेळ गप्पच राहिलो.

इथेच एक स्टार गेला. हा कागद इंग्रजीत होता, आणि त्या पोरानं तो व्हरांड्यातल्या बाकावर बसून, सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात मराठी करत विचारला. ‘काका, लघवी करताना जोर लावता का?’ पलीकडच्या बाईनं पदर तोंडाला लावला. मराठीत छापलेला कागद आणि एक पडदा, एवढं तर व्हायला पाहिजे राजेहो.

मग गुदद्वारातून बोट घालून गाठीची तपासणी. खासगीत हे झालंच नव्हतं. लाज वाटते, पण अर्ध्या मिनिटाचं काम. गाठ मऊ आहे की टणक, कुठे खडा लागतो का, हे हातालाच कळतं म्हणाले. पीएसए पाहून म्हणाले, लघवीत जंतू असताना हा आकडा वाढतो, त्या वेळी घेतलेल्या रक्तावर भरवसा नको. सहा आठवड्यांनी पुन्हा केलं तेव्हा २.३ आलं. दोन महिने कॅन्सरच्या धास्तीत मी उगाच झुरलो होतो.

धारेची मशीन म्हणजे एक नरसाळं, खाली तराजू, बाजूला कागदावर आलेख. पाणी पिऊन या म्हणाले, मी दीड लिटर प्यालो, आणि माझा नंबर दोन तासांनी आला. मधे धीर सुटला, जाऊन आलो. मशीनवर फक्त ९० मिली निघाली. ‘किमान दीडशे पाहिजे काका, नाहीतर आकडा धरता येत नाही.’ पुन्हा पाणी, पुन्हा बाक. दुसऱ्यांदा २१० मिली, धार सेकंदाला १४ मिली. नंतर सोनोग्राफीत ६० मिली उरलेली दिसली. धार कमी असली म्हणजे दोष गाठीचाच असतो असंही नाही, मूत्राशयाचा जोर गेला तरी तीच गत होते, असं डॉक्टर म्हणाले. शंका असेल तेव्हा बारीक नळी घालून आतला दाब मोजतात. मला त्याची गरज वाटली नाही त्यांना.

माझा निकाल लागला तो वहीनं. तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि मोजमाप लिहून आणा म्हणाले. कृषी केंद्रातून फवारणीचं औषध मोजायचं मिलीच्या रेघांचं नवं भांडं आणलं. चुकून चहाला वापरू नये म्हणून बायकोनं त्यावर लाल नेलपेंटनं फुली मारली. ३१ वर्षं वेबिल भरलेल्या माणसाला हे काय जड! दिवसरात्र मिळून साधारण २४०० मिली, त्यातली ११०० रात्रीची. डॉक्टरांनी आकड्याभोवती गोल केला. रात्रीचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला म्हणजे शरीर रात्रीच लघवी जास्त बनवतंय. गाठ कापली तरी ती बनायची थांबणार नाही.

मग माझा पायजमा वर करून पाय दाबून पाहिले. संध्याकाळी सूज असायची, मला वाटायचं उभं राहून राहून. बीपीची ॲमलोडिपिन चालू होती, तिनं काहींचे पाय सुजतात. आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं आणि रात्री लघवी होऊन निघतं. मेडिसिनवाल्यांनी गोळी बदलली. संध्याकाळी तासभर पाय उंच करून बसायचं, आठनंतर पाणी घोटभर, रात्रीचा चहा बंद. चहाचं दुःख अजून आहे.

आधीपासूनची टॅमसुलोसिन, म्हणजे लघवीची वाट मोकळी करायची गोळी, चालू ठेवली. वर विचारलं, ‘मोतीबिंदू काढायचाय का?’ मी चकित. हिवाळ्यातल्या शिबिरात माझा नंबर लागणार होता. या गोळीनं डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडू शकतो, मधे बंद केली असली तरी डोळ्याच्या डॉक्टरला सांगायचंच. आमच्याकडे अर्धा गाव शिबिरात डोळे करतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

ऑपरेशन वाईट असं नाही. बाकावर कारंज्याकडचे एक भाऊ होते, दोनदा लघवी पूर्ण बंद पडून नळी लागलेली, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं. त्यांना तारीख लगेच दिली. त्यांच्या बायकोसमोरच हेही सांगितलं, की नंतर वीर्य बाहेर न येता बहुतेकदा मूत्राशयात जातं, त्यानं अपाय नाही, पण आधी माहीत असावं. भाऊ म्हणाले, ‘आता काऊन लाजाचं?’

आता रात्री दोनदा उठतो. तीन महिन्यांनी पुन्हा धार मोजायला बोलावलंय. बुधवारी जाणार, आणि पाण्याची बाटली उघडणार ती माझ्यापुढे दोनच नंबर उरले की.