वाइड लेन्स खरंच सॉफ्ट (म्हणजे फोटो धूसर देणारी) आहे की माझंच काही चुकतंय? आठ महिने वापरल्यानंतर

लेन्स जुलैत घेतली, आता शिगमो (आमच्या गोव्यातला फाल्गुनातला सण) तोंडावर आलाय म्हणजे आठ महिने झाले. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवरची वाइड झूम, 10 मिमीपासून सुरू होणारी, फुल फ्रेमच्या हिशोबात साधारण 15. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझ्या एका पीसवरून सगळ्यांना नावं ठेवायची नाहीत.

घेतली ती खरं तर चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी. गावच्या घरात गणपतीची खोली लहान, चार पावलं मागे सरकलं की पाठ भिंतीला लागते, आणि गणपती, मखर, वरची माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळं-भाज्यांची आरास) सगळं एका फोटोत घ्यायचं तर कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सच्या 18 मिमीने होत नाही. फोटो काढले, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसत होते, रात्री लॅपटॉपवर झूम करून बघतो तर माटोळीच्या डाव्या कोपऱ्यातल्या सुपाऱ्या एकेक मोजता येतायत आणि उजव्या वरच्या कोपऱ्यातले आंबाडे म्हणजे नुसते हिरवे डाग. त्यात काकी ग्रुप फोटोत अगदी उजव्या टोकाला उभी, "माझं तोंड असं भोपळ्यासारखं का झालं रे?" म्हणून दोन दिवस ऐकवलं. ते मात्र लेन्सचं दुखणं नव्हे, वाइडमध्ये कडेची माणसं ताणली जातातच, माणसांना मध्ये घ्यायचं हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दुकानात गेलो तर उत्तर ठरलेलं. "वायड अशीच आसता रे बाबा, कडेक सॉफ्ट येतलेंच." अर्धं खरं आहे ते, म्हणूनच जास्त राग आला. कोपरे मधल्यापेक्षा सॉफ्ट असणार हे मान्य, पण चारही कोपरे सारखेच सॉफ्ट हवेत ना? एकच कोपरा का रुसलाय?

मग घरीच टेस्ट सुरू केली आणि इथे मी भरपूर माती खाल्ली. मागच्या चिऱ्याच्या भिंतीचे फोटो काढले, म्हटलं चिऱ्याला बारीक भोकं असतात, मधे सिमेंटच्या सरळ रेघा, यापेक्षा चांगला चार्ट कुठला. सगळी उजवी बाजू गेलेली! सर्व्हिस सेंटरला लिहायला बसलो होतो, तेवढ्यात लक्षात आलं की उजवीकडचे चिरे फोटोत लहान दिसतायत, म्हणजे कॅमेराच तिरका होता. मग भिंतीला छोटा आरसा चिकटवला आणि लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मधोमध येईपर्यंत ट्रायपॉड सरकवत बसलो (बायको खिडकीतून बघत होती, काही बोलली नाही, ते जास्त लागलं). कॅमेरा सरळ झाल्यावर उजवी बाजू बरीच सुधारली, वरचा कोपरा तेवढा राहिला. पण भिंतीवर फार विश्वास ठेवू नका, एवढ्या वाइडला मीटरभरावरून काढायचं तर जरासा तिरकेपणा लगेच दिसतो, आणि बऱ्याच वाइड लेन्सचं फोकसचं प्रतल सपाट नसतं, वाकलेलं असतं, मध्ये फोकस केला की कडा पुढे नाहीतर मागे जातात. माटोळीवरून तर काहीच सिद्ध होत नाही, तिथली प्रत्येक वस्तू वेगळ्या अंतरावर लटकलेली.

खरा निकाल लागला बेतीला. सकाळी साडेसहाला धक्क्यावर जाऊन समोरच्या पणजीचे फोटो काढले, मांडवीपलीकडच्या इमारती इतक्या लांब की लेन्सच्या दृष्टीने सगळ्या एकाच अंतरावर. ऊन चढल्यावर जाऊ नका, पाण्यावरची हवा लहरते आणि सगळंच सॉफ्ट येतं. स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून ठेवला, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). फेरीबोट धक्क्याला लागली की पायाखाली हादरा येतो तेव्हा तेवढा वेळ थांबायचं. लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून मधोमध फोकस केला, मग मॅन्युअलवर टाकून त्याला हात लावला नाही. एकच पाटी असलेली इमारत धरली आणि कॅमेरा वळवून तीच पाटी आधी डाव्या वरच्या, मग उजव्या वरच्या, मग खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आणली. हे ॲपर्चर एफ 4 ला ठेवून, परत एफ 8 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून.

एफ 4 ला चारही सॉफ्ट, ठीक आहे. एफ 8 ला तीन कोपऱ्यांत पाटीवरची अक्षरं वाचता येतात आणि उजव्या वरच्यात अक्षरांना बाजूला सावली धरल्यासारखं. खात्रीसाठी कॅमेरा उलटा करून काढला, तरी खराब कोपरा फ्रेमचा तोच राहिला, देखावा बदलला तरी. म्हणजे हवा, धुकं, मी, सगळे निर्दोष. आतलं एखादं एलिमेंट (भिंग) मध्यावरून सरकलेलं, ज्याला डिसेंटरिंग म्हणतात.

हे फोटो आणि पाटीचे चार क्रॉप शेजारी लावून पाठवले तेव्हा सर्व्हिसवाल्यांनी वाद घातला नाही. नुसतं "सॉफ्ट वाटते" लिहिलं असतं तर परत तेच "अशीच आसता" आलं असतं. वॉरंटीत झालं, पण जवळजवळ महिना गेला आणि कागदावर फक्त एक ओळ, ऑप्टिकल ॲडजस्टमेंट केली. परत आल्यावर पुन्हा बेती, पुन्हा तीच पाटी. आता चारही कोपऱ्यांत वाचता येते. उजवा किंचित मागे आहे असं मला वाटतं, पण आता मला सगळीकडेच तो दिसतो, त्यामुळे माझ्यावर जाऊ नका.

त्यानंतरचं वापरणं मस्त. पणजीतल्या फोंतेन्यासच्या बोळात दुसरी कुठली लेन्स लावावीशी वाटत नाही. 10 पेक्षा 12-13 ला कडा जास्त चांगल्या येतात. एफ 8 वर राहतो, एफ 16 ला डिफ्रॅक्शनने (छिद्र फार लहान झालं की प्रकाश पसरतो त्याने) सगळी फ्रेम सारखीच मऊ होते, आणि लोक त्यालाही लेन्स खराब म्हणतात. हायपरफोकलचा (जिथे फोकस ठेवला की जवळपासून अगदी लांबपर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतं त्या अंतराचा) हिशोब केला तर 10 मिमी, एफ 8 ला 60-65 सेंटीमीटरवर फोकस ठेवा असं येतं, पण तिथे ठेवलं की लांबचं जेमतेम शार्प येतं, चुरचुरीत नाही. लांबची इमारत महत्त्वाची असेल तर सरळ तिच्यावरच फोकस करतो.

पावसात एक सांभाळा. एसीच्या खोलीतून बाहेर काढली की काच धुरकट होते, पुसायची घाई करू नका, बॅगेतच बाहेरच्या हवेला येऊ द्या. माझे सप्टेंबरमधले काही सॉफ्ट फोटो निव्वळ त्या वाफेचे निघाले. आता ड्राय बॉक्समध्ये 45 टक्क्यांवर ठेवतो, इकडच्या दमटपणात बुरशी यायला वेळ लागत नाही.

लेन्स कॅप मात्र दुसरी घ्यावी लागली, पहिली त्या टेस्टच्या सकाळीच धक्क्यावरून मांडवीत गेली.