गाडीच्या पोटाखालचे संरक्षक पत्रे: पोलाद की अ‍ॅल्युमिनियम?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला कच्च्या वाटेवर गाडी घालणाऱ्याने इंजिन आणि गिअरबॉक्सखाली जाड पत्रा बसवावा, याविषयी दुमत नाही. प्रश्न धातूचा आहे. वजनात अ‍ॅल्युमिनियम सरस ठरते, कारण 3 मिलिमीटर पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे 23.5 किलो भरते, तर 6 मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचे सुमारे 16 किलो. गंजाची चिंताही कमी. मात्र पोलादी बोल्टभोवती ओल साचल्यास अ‍ॅल्युमिनियम झिजते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

खडकावर मात्र चित्र पालटते. पोलाद दगडावरून घसरत पुढे सरकते, तर मऊ अ‍ॅल्युमिनियम ओरखडले जाऊन अडकते. शिवाय वाकलेला पोलादी पत्रा बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतच काय, गावातल्या साध्या वेल्डिंगच्या दुकानातही ठोकून सरळ करता येतो. अ‍ॅल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग आणि तसा कारागीर लागतो.

म्हणून या भागासाठी माझा कौल पोलादाला आहे, परंतु पावसाळ्याआधी रंग तपासावा आणि ऑइल काढण्यासाठी पत्र्याला भोक असल्याची खात्री करून घ्यावी. बहुतांश डांबरी रस्त्यावरच धावणाऱ्या गाडीला अ‍ॅल्युमिनियम पुरे.