पैसे दोन सेन्सरचे, गाडीत एकही नवा नाही

पेट्रोल गाडीचा पिवळा चेक-इंजिन दिवा लागला आणि मायलेज घसरलं, की काही गॅरेजवाल्यांचं फावतं. म्हापशातल्या एका गॅरेजमध्ये मी तसा लुबाडला गेलो. सकाळी गाडी थंड असताना धक्के, पर्वरीच्या ट्रॅफिकच्या रांगेत आयडलिंग (उभ्या गाडीतल्या इंजिनचा वेग) वरखाली, मागून कच्च्या पेट्रोलचा वास. मेस्त्रीने स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि म्हणाला, "दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेलेत, पात्रांव." म्हणजे एग्झॉस्टच्या नळीत बसून धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर. काजळी धरलेला एक सेन्सरही हातात ठेवला. कुणाच्या गाडीचा, देव जाणे. संध्याकाळी दिवा विझलेला, बिल हजारांत.

थोड्याच दिवसांत दिवा परत पेटला. फोंड्याच्या ओळखीच्या मेस्त्रीने गाडी रॅम्पवर चढवली. दोन्ही सेन्सरच्या नटांवर गंज जसाच्या तसा, पान्याचा ओरखडासुद्धा नाही. मग नवे बसवले कुठे? त्याने स्कॅनरवरचा दोषाचा कोड मला दाखवला: पी०१३५, पुढच्या सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचं सर्किट. वायर एग्झॉस्टला टेकून भाजली होती आणि फ्यूज उडाला होता. वायर जोडून टेप मारली, फ्यूज बदलला, काम संपलं. पहिल्या मेस्त्रीने नुसता कोड पुसला होता. पुसल्यावर दिवा विझतो, दोष तसाच राहतो.

हा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावरच भरवशाचा इशारा देतो. ०.१ ते ०.९ व्होल्टच्या त्या इशाऱ्यावरून इंजिनचा कॉम्प्युटर १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं वजनी प्रमाण राखतो. हीटर बंद असेल तर धुरानेच सेन्सर तापेपर्यंत सगळं अंदाजपंचे, आणि तेही सढळ हाताने. म्हापसा-पणजीसारख्या छोट्या फेऱ्यांत म्हणूनच पेट्रोल जास्त जातं. मागचा सेन्सर मुख्यतः धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर नजर ठेवतो; नुसतं मायलेज पडलं म्हणून तोही बदला म्हणणाऱ्याला आधी कारण विचारा.

कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या. सेन्सर आपल्यासमोर खोलायला सांगा, नव्याचा खोका मागा. मी पैसे मागायला गेलो तेव्हा मालक म्हणाला, "बिलात सेन्सर कुठे लिहिलंय?" चिठ्ठीवर खरंच फक्त 'पार्ट्स आणि लेबर' होतं. तरी गंजलेल्या नटांचे फोटो पुढे केले आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढलं, तेव्हा अर्धे पैसे सुटले. उरलेल्यांसाठी तक्रार टाकली आहे.