जळगावात समुद्राचे मासे : वर्षभराचा अनुभव

जळगावातील एका दुकानातून मी गेल्या वर्षी दिवाळीनंतर खाऱ्या पाण्याचे मासे घेतले. तेथे परदेशी क्लाउनफिश मिळतातच, परंतु मी गेलो तो आपल्याच किनाऱ्यावरील माशांसाठी. रत्नागिरीकडच्या कातळात ओहोटीनंतर जी डबकी उरतात, त्यांतील लहान मासे एक मच्छीमार हातजाळीने पकडतो आणि ते ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून, थर्माकोलच्या खोक्यात येथवर येतात. सुरतेचा किनारा आपल्याला जवळ असला तरी तिकडचे पाणी गाळाचे, त्यामुळे टाकीत शोभतील असे मासे तेथून फारसे येत नाहीत. मालवणचा सागरी भाग 1987 पासून अभयारण्य असल्याने तेथील मासा घेणार नाही, असे दुकानदाराने स्वतःहून सांगितले. समुद्रघोडा आणि प्रवाळ हे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित असल्याने मागूनही मिळणार नाहीत, हेही बजावले. माझा विश्वास बसला तो येथे.

पहिल्या भेटीत त्यांनी मला मासा विकलाच नाही. "भाऊ, आधी पाणी तयार होऊ द्या, मग मासा न्या," एवढेच म्हणाले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि हे जिवाणू टाकीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मी सहा आठवडे थांबलो. बोअरचे पाणी जड म्हणून आरओचे पाणी घेतले आणि शंभर लिटरला साधारण साडेतीन किलो या हिशेबाने मत्स्यटाकीचे मीठ विरघळवले. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम त्यात जवळजवळ नसतात.

तक्रार एकच आहे. पाण्याचा खारेपणा घनतेवरून मोजणारा, त्यांनी दिलेला प्लास्टिकचा काट्याचा हायड्रोमीटर 1.023 दाखवत होता, तेव्हा मित्राच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा मोजणाऱ्या उपकरणावर, तेच पाणी 1.028, म्हणजे अधिक खारे, भरले. मासे तोवर सुस्तावले होते. दुकानदाराने पैसे परत केले, पण असे उपकरण विकण्यापूर्वी तपासून द्यायला हवे होते. नव्याने टाकी लावणाऱ्याने थोडा खर्च सोसून रिफ्रॅक्टोमीटरच घ्यावा.

मासे मात्र उत्तम निघाले. दुकानात पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवून, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नाही याची खात्री करूनच ते दिले गेले. त्यांतले दोन सार्जंट मासे, पाठीवर पिवळी झाक आणि अंगावर पाच काळे पट्टे असलेले, पहिले तीन दिवस दगडामागून बाहेर आले नाहीत. दाणेदार खाद्य समोरून वाहत जाई, ते त्याकडे पाहतही नसत. चौथ्या दिवशी बाजारातील कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा चिमट्यात धरून हलवला, तेव्हा त्यातला लहान मासा झेपावला आणि तुकडा हिसकावून पुन्हा दगडाआड गेला. पुढे कोळंबीच्या रसात भिजवलेले दाणे देत देत महिन्याभरात दोघेही कोरडे खाद्य घेऊ लागले.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की टाकीचे पाणी तापते, त्यातील ऑक्सिजन कमी होतो आणि आपल्या कोरड्या हवेत पाणीही झपाट्याने उडते. पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून उणीव गोड्या पाण्यानेच भरायची. दुकानदाराच्या सांगण्यावरून काचेवर चिकटपट्टीने पातळीची खूण केली, पृष्ठभागावर लहान पंखा लावला आणि वीज गेल्यास चालणारा बॅटरीचा हवापंप आणून ठेवला. भर दुपारी दोन वेळा वीज गेली, तेव्हा त्याच पंपाने मासे वाचवले.

सार्जंट मासा वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि मोठेपणी भांडखोर होतो, त्यामुळे टाकी लहान असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. वाढलेला मासा परत घेण्याची तयारी या दुकानाने आधीच दाखवली आहे.