पीडीएफ खरी होती, कॅप्सूल नव्हती

आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असल्याचं निदान होऊन तेव्हा मला दीड वर्ष झालं होतं. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी, जोडीला फॉलिक ॲसिड. गोळीचा दुसरा दिवस मळमळीत जायचा आणि सकाळी बोटं उघडायला तासभर लागायचा. अशात ‘शुद्ध शल्लकी’ विकणाऱ्या एका माणसाशी फोनवर ओळख झाली. मी स्वतःला चिकित्सक समजते, म्हणून पहिलाच प्रश्न टाकला, “पुरावा काय?” पाचव्या मिनिटाला त्याची पीडीएफ आली, आणि तिथेच मी गळाला लागले.

पीडीएफमधला संशोधनाचा पेपर खरा होता. शल्लकी म्हणजे सालईच्या झाडाचा डिंक. त्यातली बॉस्वेलिक ॲसिडं सूज वाढवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. नागपूरच्या संशोधकांची ३० रुग्णांवरची चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. गुडघेदुखी कमी झाली, चालण्याचं अंतर वाढलं, असं तिच्यात आहे. ही वाक्यं पिवळ्या रंगात रंगवून आली होती आणि मी फक्त पिवळं वाचलं. ते रुग्ण ऑस्टिओआर्थ्रायटिसचे होते, म्हणजे कूर्चा झिजलेल्या गुडघ्यांचे. माझं दुखणंच निराळं. यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते. आमवातावरही शल्लकी जर्मनीत तपासून झाली होती. १९९८ साली आलेल्या त्या पेपरात ३७ रुग्णांची आकडेवारी आहे, आणि खरी गोळी व नुसती दाखवायची गोळी यांत उल्लेख करावा असा फरक निघाला नाही. ३७ जणांवरून शल्लकीला कायमचं निकालात काढता येणार नाही, हे मान्य. पण ही दुसरी पीडीएफ मला कुणी पाठवली नाही, आणि मीही शोधली नाही.

कॅप्सूल सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी अंगठी बोटातून आपोआप सरकली. किती महिन्यांनी! मी तिचा फोटो काढून त्याला पाठवला. तो म्हणाला, “ताई, आता ती कॅन्सरची गोळी हळूहळू सोडून द्या.” मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात, खरंय, पण कितीतरी मोठ्या डोसमध्ये. अर्धं सत्य असं बेमालूम पेरता येतं. मी गोळी सोडली आणि डॉक्टरांना सांगितलं नाही. ती चूक त्याच्या माथी मारता येत नाही.

वास्तविक तिसऱ्याच दिवशी शंका यायला हवी होती. मेथोट्रेक्सेटलासुद्धा गुण दाखवायला सहा ते बारा आठवडे लागतात. डिंकाने तीन दिवसांत सूज उतरवली, तर डबीत डिंकाशिवाय आणखी काय आहे?

चार महिन्यांत चेहरा गोल झाला, झोप उडाली, जरा धक्का लागला की कातडीवर निळे डाग. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली हो! मग एकदा पार्सल यायला आठवडा लागला. कॅप्सूल संपल्या आणि मी अंथरुणातून उठू शकेना. उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली. डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून थेट विचारलं, “स्टिरॉइड कोण देतंय?” मी म्हटलं, कुणीच नाही, वनस्पती आहे. त्यांनी सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासायला सांगितलं. ते जवळजवळ नव्हतंच. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम बंद करतात आणि पुरवठा तुटला की शरीर उघडं पडतं. हा प्रकार नवा नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही (तिथल्या औषध नियामक संस्थेने) सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या काही ‘नैसर्गिक’ उत्पादनांत लेबलवर न छापलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडल्याचा इशारा दिला होता.

घरी येऊन डबी पहिल्यांदा नीट पाहिली. बॅच क्रमांक नाही, परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, अर्क किती मिलिग्रॅम तेही नाही. जुन्या आणि नव्या डबीतली एकेक कॅप्सूल कागदावर उघडली; एकीतली पूड तपकिरी, दुसरीतली जवळजवळ पांढरी. डिंकाचा वास दोन्हींना नाही.

तुमच्याकडे अशी डबी असेल आणि हे वाचून हात थरथरला असेल, तरी कॅप्सूल एकदम बंद करू नका. डबीसकट डॉक्टरांकडे जा. मला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देऊन पुढचे कित्येक महिने ते कणाकणाने कमी करावं लागलं. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू आहे. मधल्या काळात डाव्या हाताच्या एका सांध्यात हाडाला खाच पडली, ती एक्स-रेत दिसते. ती भरून येणार नाही.

मी त्या माणसाकडे कॅप्सूलचा लॅब रिपोर्ट मागितला. त्याने तीच पीडीएफ परत पाठवली, पिवळ्या खुणांसकट. खाली लिहिलं होतं, “ताई, तुमचा विश्वासच कमी पडला.”